आईचं मनगट मोडलं, डेक्सात टी-स्कोर -२.९ आलाय. इंजेक्शन घ्यायचं की नाचणी-तिळावर भागेल?

तळजाईची_लेक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात. आई ६३ ची, आम्ही सहकारनगरला राहतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून बाहेर येताना ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला, सावरायला हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. उंचावरून पडली नाही, कशावर आपटली नाही, उभी होती तिथल्या तिथे पडली. सहा आठवडे प्लास्टर होतं, दिवाळीच्या तोंडावर निघालं, आता बोटं वळतायत पण पोळी लाटताना अजून कळ येते म्हणते.

प्लास्टर काढताना हाडाच्या डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, सांगितला होता तो केला. मणक्याचा टी-स्कोर -२.९, खुब्याचा -२.३. व्हिटॅमिन डी फक्त ११. डॉक्टर म्हणाले ऑस्टिओपोरोसिस आहे, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देतात ते घ्या, नाहीतर आठवड्याला एक गोळी असते ती सुरू करू.

आई अजिबात तयार नाही. तिचं म्हणणं असं की हाड तर जुळलं, आता कसलं औषध. दुसरं म्हणजे दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत फुकट तपासणीचं शिबिर होतं, टाच मशीनमध्ये घालून बघितली होती, तेव्हा "थोडं कमी आहे, दूध प्या" एवढंच सांगितलं होतं. तिसरं, भिशीतल्या एका मैत्रिणीने सांगितलंय की त्या इंजेक्शनने जबडा सडतो. आणि चौथं मला स्वतःलाही कळलेलं नाही, की आई गेली १५ वर्षं रोज सकाळी सहाला तळजाई टेकडीवर चालायला जाते, तिचं डी ११ कसं?

ती म्हणते मी नाचणी खाईन, तिळाची चटणी खाईन, डिंकाचे लाडू करून ठेव, औषध नको. अजून सांगायचं तर ४१ व्या वर्षी तिची गर्भपिशवी काढलीय, अंडाशयांसकट. थायरॉइडची गोळी चालू आहे. सकाळी ती गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही म्हणून. कुणाच्या घरी हे झालंय का, काय केलंत ते सांगा प्लीज. ती पडली तेव्हाचा आवाज अजून माझ्या कानात आहे, परत तसं व्हायला नको एवढंच वाटतं.


निवृत्त_सिस्टर

पोरी, आधी एक सांगते, मनगट मोडल्यावर डेक्सा सांगणारे डॉक्टर भेटले हे नशीब समज. मी २८ वर्षं ऑर्थो वॉर्डात सिस्टर होते. बायका पन्नाशी-साठीत मनगट घेऊन यायच्या, प्लास्टर, सहा आठवडे, घरी. सगळे खूश. मग त्याच बाई पाठदुखी म्हणून यायच्या, मणका दबलेला असायचा. आणि पंच्याहत्तरीत स्ट्रेचरवरून यायच्या, खुबा मोडून, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला. नातेवाईक जुन्या फायली घेऊन यायचे आणि त्यात ते मनगटाचं पहिलं कागद असायचं, पंधरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा कुणी हाडाच्या घनतेचं विचारलंच नव्हतं. ते कागद बघून मला फार वाईट वाटायचं. म्हणून आईला सांग की जुळलं ते मनगट, हाडं आहेत तशीच आहेत. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं हीच खूण आहे, निरोगी हाड तेवढ्याने मोडत नाही.

टी-स्कोर म्हणजे तरुण निरोगी बाईच्या हाडाशी तुलना. -१ पर्यंत ठीक, -१ ते -२.५ मधलं ऑस्टिओपेनिया, -२.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. मणका आणि खुबा यातला जो कमी तो धरायचा, म्हणजे तुझ्या आईचा -२.९. शिबिरातलं टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडचं असतं, त्यावरून निदान करत नाहीत, आणि त्यावरून निर्धास्तही व्हायचं नाही.

अंडाशयं ४१ ला काढली हे फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना नक्की सांग, माहीत नसेल त्यांना. बाईच्या हाडाला अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोनचा आधार असतो. पाळी जाते तेव्हा तो आधार सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं हाड भराभर झिजतं. तुझ्या आईचा तो आधार इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधीच गेला, तोही एका दिवसात.

आता औषध का. हाड रोज थोडं मोडलं जातं आणि थोडं नवीन बांधलं जातं, आपल्याला कळतही नाही. तिशीपर्यंत बांधणं जास्त, नंतर हळूहळू मोडणं जास्त. इस्ट्रोजेन गेल्यावर मोडणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. नाचणी-तीळ-दूध हा बांधायचा माल झाला, तो लागतोच, पण माल कितीही आणून टाकला तरी मोडणारे हात थांबत नाहीत. झोलेड्रोनिक, अ‍ॅलेंड्रोनेट ही औषधं ते हात थांबवतात. २००७ साली झोलेड्रोनिकचा मोठा अभ्यास आला होता, वर्षाला एक याप्रमाणे तीन वर्षं दिलं तर मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली होती. नुसत्या आहाराने एवढं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

जबड्याचं म्हणशील तर ते खोटं नाही पण फार क्वचित होतं, ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला दहा हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. कॅन्सरच्या पेशंटना हेच औषध बरंच जास्त आणि वरचेवर देतात, तिथे प्रमाण जास्त असतं, गोष्टी तिथून पसरतात. तरी आधी दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन आण. एखादी दाढ काढायची असेल तर आत्ताच काढून ती जागा भरू दे, मग इंजेक्शन.

आणि इंजेक्शन लगेच नाही हं. डी ११ असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं, हातपाय मुंग्या येतात, पेटके येतात. आधी डी भरून काढायचं, क्रिएटिनिन बघायचं कारण किडनी फार कमजोर असेल तर हे देत नाहीत.


तळजाईची_लेक

काकू खूप खूप आभार. अंडाशयांचं खरंच सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही, २२ वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, त्याचा मनगटाशी संबंध असेल असं वाटलंच नाही. आठवड्याच्या गोळीबद्दल पण सांगाल का? आईला सुईपेक्षा गोळी बरी वाटेल कदाचित.


निवृत्त_सिस्टर

गोळी चांगलीच आहे, पण ती घ्यायची एक पद्धत आहे आणि ती पाळली नाही तर उपयोग शून्य. अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातला एक वार ठरवायचा. सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर तर नाहीच. आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, दुसरी गोळी घ्यायची नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जळतं, जखम होते. मी बायका बघितल्यात, गोळी घेतली, घोटभर पाणी प्यायल्या आणि परत पांघरुणात. सहा महिन्यांनी छातीत जळजळ म्हणून स्वतःच बंद करून टाकतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. आईला अ‍ॅसिडिटी असेल, गिळायला त्रास असेल तर वर्षाचं इंजेक्शनच बरं.


घरचंच_खा

सगळ्यांचा मान ठेवून लिहितो. माझी आजी मुळशीकडची, ९१ व्या वर्षी गेली, शेवटपर्यंत विहिरीवरून पाणी आणायची, एक गोळी कधी घेतली नाही. नाचणीची भाकरी, हातसडीचा तांदूळ, ताक. ही सगळी औषधं शहरातल्या लोकांना लागतात. आईला शुद्ध आहार द्या, उन्हात बसवा, हाडं आपोआप भरतील.


निवृत्त_सिस्टर

दादा, तुमच्या आजीने जन्मभर डोक्यावर हंडे वाहिले, दिवसभर उन्हात काम केलं, तिची हाडं विशीतच भरभक्कम झाली असणार. तो पाया चांगला पडला म्हणून ती ९१ पर्यंत चालली. नाचणीला माझा विरोध नाही, मी स्वतः खाते. पण ज्या बाईचं हाड मोडून झालंय आणि स्कोर -२.९ आहे तिला आता विशीत परत नेता येत नाही. आहाराच्या भरवशावर औषध टाळलं आणि उद्या खुबा मोडला तर ती पोर कुणाला विचारणार?


डबा_आणि_डाएट

मी आहारतज्ज्ञ आहे, कोथरूडला. खाण्यापुरतं लिहिते, औषधाचं सिस्टरनी नीट सांगितलंच आहे.

पाळी गेलेल्या बायकांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा आहे. आपल्याकडे साठीतल्या बाईचं दिवसभराचं लिहून काढलं की बऱ्याचदा ४००-५०० च्या आसपास येतं. दोन कप चहातलं दूध मिळून १०० मिली, त्यातून १२० मिलिग्रॅम. दुपारी पोळी-भाजी-भात, त्यातून थोडंफार. रात्री खिचडी. झालं. बायका म्हणतात आम्ही दूध पितो, विचारलं की कळतं ते चहातलं.

आता आईच्या ताटात काय वाढवता येईल बघू. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आहे, एक भाकरी साधारण ४० ग्रॅम पिठाची, म्हणजे १४० मिळतात. रात्री पोळीऐवजी नाचणीची भाकरी केलीत तर हे रोजचं होऊन जातं. एक ग्लास दूध २००-२५० देतं, मोठी वाटीभर दही साधारण दीडशे-दोनशे. पनीर ५० ग्रॅम, दोनशेच्या वर. राजगिऱ्याची पालेभाजी, मेथी, शेवग्याचा पाला, यातली एक रोज. मंडईत किंवा सकाळच्या गाड्यांवर शेवग्याचा पाला विचारला तर मिळतो, नाहीतर सोसायटीच्या आवारात झाड असतंच कुठेतरी, थालीपीठात घाला, कळत पण नाही. मासे खात असाल तर बारीक मासे काट्यासकट, सुकट पण चालेल.

तिळाचं मात्र जरा समजून घ्या. कागदावर तिळात भरपूर कॅल्शियम आहे, पण आपण चमचाभर चटणी खातो, आणि सालासकट तिळात ऑक्झलेट असतं ते कॅल्शियम धरून ठेवतं. चटणी खाऊ दे रोज, पण तिच्यावर हिशेब टाकू नका. पालकाचं तर त्याहून वाईट, त्यातलं जेमतेम ५ टक्के कॅल्शियम अंगी लागतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. पालक लोहासाठी, फॉलेटसाठी खा, हाडांसाठी त्याच्यावर विसंबू नका. डिंकाचे लाडू थंडीत जरूर खा, पण त्यात तूप-गूळ किती जातो ते बघून रोज एकच.

आणि प्रोटीन! सगळे कॅल्शियम कॅल्शियम करतात आणि हे विसरतात. हाडाचा सांगाडाच मुळात प्रोटीनचा, त्यात कॅल्शियम भरलेलं असतं. आणि स्नायू नसतील तर माणूस पडतोच. आईचं वजन ५० असेल तर निदान ५० ग्रॅम रोज, थोडं जास्तच. वरणाची एक वाटी म्हणजे ६-७ ग्रॅम, आमटी पातळ असेल तर त्याहून कमी. एक अंडं ६. म्हणून घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, असं दोन्ही जेवणांत यायला हवं. एकटी बाई रात्री दूध-पोळी खाऊन झोपते, तसं होऊ देऊ नका.

जे कमी पडेल तेवढंच गोळीने भरायचं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर शरीर नीट घेत नाही. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं, हे वाचून घाबरू नका. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, सायट्रेट कधीही चालतं. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं.

सगळ्यात महत्त्वाचं, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकदम घेऊच नका!! कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच अडवतं. मध्ये चार तास हवेत. थायरॉइड पहाटे अनशापोटी, कॅल्शियम दुपारच्या जेवणाला. आणि वेळ बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) परत करा, कारण आता गोळी पूर्ण लागायला लागेल आणि डोस जास्त होऊ शकतो, आणि थायरॉइड जास्त झालं तरी हाड झिजतं.

तळजाईचं कोडं असं आहे की सकाळी सहा-सातला सूर्य इतका खाली असतो की व्हिटॅमिन डी बनवणारे किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ते ऊन डी च्या कामाचं नाही. साधारण ११ ते २ च्या मधलं ऊन हवं, हात-पाय उघडे ठेवून, १५-२० मिनिटं. गॅलरीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. फिरायला सकाळीच जाऊ दे, चालण्याचा फायदा वेगळा आहेच, पण डी ११ उन्हाने एवढ्यात भरणार नाही, त्याला व्हिटॅमिन डी च्या पावडरीचे सॅशेच लागतील. बहुतेक ६०,००० युनिटचं आठवड्याला एक, असं ८ आठवडे देतात, जेवणानंतर घ्यायचं, मग महिन्याला एक. आठ झाले की थांबून डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे एक काका आले होते, चिठ्ठी नीट वाचली नाही आणि दोन महिने रोज एक घेत होते. उलट्या, बद्धकोष्ठता, बोलण्यात गोंधळ, कॅल्शियम तेराच्या वर, अ‍ॅडमिट करावं लागलं.


पेठेतला_भाचा

इथे कुणी सहा महिन्यांच्या इंजेक्शनबद्दल लिहिलं नाही म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडे जे झालं ते दुसऱ्या कुणाकडे होऊ नये.

माझी मावशी सदाशिव पेठेत राहते, आता ७४ ची. तिला २०१७ पासून डेनोसुमॅब चालू होतं, दर सहा महिन्यांनी पोटावर एक छोटं इंजेक्शन, ६० मिलिग्रॅम. त्रास काही नाही, स्कोर पण सुधारला. मार्च २०२० चा डोस एप्रिलमध्ये घेऊ म्हणून पुढे ढकलला आणि मग लॉकडाऊन. बाहेर पडायचंच नाही, मावशीला मधुमेह, आम्हीही म्हटलं राहू दे, हाडांचं इंजेक्शन काय एवढं अर्जंट. गेल्या तीन वर्षांत जिथून घेत होतो तिथे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की हे मध्येच सोडायचं नसतं. डिसेंबरमध्ये मावशीने मोरीतली अर्धी बादली उचलली आणि पाठीत कट्कन झालं. एक्स-रेत एक नाही तर तीन मणके दबलेले. तीन.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की या औषधाचा असर डोस चुकला की काही महिन्यांत उतरतो आणि मग थांबवून ठेवलेली झीज एकदम उसळते, पहिल्यापेक्षा जास्त वेगाने, आणि एकापाठोपाठ मणके जातात. बंद करायचं असेल तर त्याच्या जागी झोलेड्रोनिकसारखं दुसरं द्यावं लागतं. झोलेड्रोनिक हाडात बसून राहतं, त्याचं तसं होत नाही, तीन वर्षांनी धोका कमी असेल तर डॉक्टर त्याला सुट्टीही देतात. डेनोसुमॅबला सुट्टी नाही. औषध वाईट नाहीये हे परत सांगतो, किडनी कमजोर असणाऱ्यांना तेच देतात, मावशीचं पण तेच परत सुरू केलंय. आता कालनिर्णय घरात आलं की मावशी आधी त्या दोन तारखांना लाल पेनने गोल करते आणि मला फोन करून सांगते, तुझ्या मोबाइलमध्ये पण टाक म्हणून. तिची उंची मात्र गेली ती गेली. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवरचा शंख आता तिला काढता येत नाही.

तर आईला जे काही द्याल, ते किती दिवस चालणार आणि थांबवताना काय करायचं हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर लिहून घ्या.


कणा_फिजिओ

वर उंचीचा विषय निघालाच आहे. ताई, आईचा मणक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे झालाय का? नसेल तर विचारा. दबलेल्या मणक्यांपैकी दोन तृतीयांश तर कुणाला कळतच नाहीत, वय झालं, पाठ दुखते, बाम लावा, असं करत निघून जातात. तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त उंची कमी झाली असेल तर शंका घ्यायची. बायकांमध्ये मी एक साधी गोष्ट विचारते, परकर जमिनीला टेकायला लागलाय का?

दुसरं व्यायामाचं. चालणं उत्तम, पण नुसत्या चालण्याने भागत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, टाचा उचलणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, भिंतीला हात लावून पुश-अप, हळूहळू अर्धा-एक किलोची डंबेल्स, मनगट बरं झालं की. हाडाला भार लागतो तेव्हाच ते टिकतं. एका पायावर दहा सेकंद उभं राहता येत नसेल तर आधी तोल सुधारायचा, कारण पडलीच नाही तर मोडणार काय.

योगा क्लासला जात असतील तर कमरेतून पुढे वाकायची आसनं बंद. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, आणि सूर्यनमस्कारातलं वाकणं. पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि कमकुवत मणका तिथेच चेपतो. माझ्याकडे दोघीजणी याच कारणाने आल्यात, दोघी नियमाने योगा करणाऱ्या, फार वाईट वाटतं. पाठ सरळ ठेवणारी, पाठीचे स्नायू भक्कम करणारी आसनं शिकवणाऱ्यांकडून वेगळी करून घ्या. खालची बादली, गॅस सिलिंडर, गादी, काही उचलायचं नाही.

घरात बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवा, टॉवेलचा रॉड नव्हे, तो वजन घेत नाही. बाहेरचं पायपुसणं घसरणारं असेल तर काढा. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा. डोळ्यांचा नंबर, मोतीबिंदू बघून घ्या, आणि बीपीची किंवा झोपेची गोळी असेल तर उठल्यावर चक्कर येते का ते विचारा.


वारजे_७१

पुरुषांनी पण वाचावं म्हणून लिहितो. मला संधिवातासाठी प्रेडनिसोलोन तीन-चार वर्षं चालू होतं. पुरुषाला कुठला ऑस्टिओपोरोसिस म्हणून कुणी बघितलं नाही, मीही नाही. गेल्या वर्षी खोकताना बरगडी मोडली. स्टेरॉइड तीन महिन्यांच्या वर चालणार असेल तर हाडांची तपासणी मागून घ्या. आणि माझी बायको मिश्री लावायची, डॉक्टरांनी ती पण बंद करायला लावली, तंबाखू कुठल्याही रूपात हाडाला वाईटच.


तळजाईची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, पण बरंच काही झालं.

परकराचं वाचलं आणि मी तशीच उठून आईकडे गेले. ती म्हणाली अगं हो, दोन वर्षं झाली, नाडी वर बांधते मी. भिंतीला उभी करून उंची मोजली, लग्नातल्या बायोडेटात पाच फूट दोन इंच लिहिलंय, आता पाच फुटाला कमी भरली. एक्स-रे काढला, पाठीचा बारावा मणका पुढून दबलेला निघाला. जुना आहे म्हणाले. मग आईला आठवलं, दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत गादी उलटी करताना पाठीत लचक भरली होती आणि महिनाभर ती शेकत होती. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, आराम कर होईल बरं. आता ते आठवून पोटात तुटतं.

अंडाशयांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी पेनच खाली ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. दुसरं काही कारण नाही ना हे बघायला रक्ताच्या तपासण्या केल्या, पॅराथायरॉइड, क्रिएटिनिन, प्रोटीनची एक तपासणी, सगळं नॉर्मल. दोन मार्ग सांगितले, एक म्हणजे टेरिपॅरेटाइड, रोज एक इंजेक्शन पेनने घरीच घ्यायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं, ते नवीन हाड बांधतं, पण त्यानंतर ते टिकवायला झोलेड्रोनिक घ्यावंच लागतं. दुसरा म्हणजे सरळ झोलेड्रोनिक. आईने रोज टोचून घ्यायला साफ नकार दिला पण वर्षातून एकदाला हो म्हणाली! मावशींच्या तीन मणक्यांचं मी तिला वाचून दाखवलं होतं, त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली दातवाल्याकडे कधी जायचं ते सांग.

दाढ एक किडलेली होती, काढली, जखम भरतेय. सॅशे तीन झाले, पाच राहिलेत. थायरॉइडची गोळी पहाटे, कॅल्शियम दुपारी. शेवग्याचा पाला समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडून येतोय. दांडा बसवला. इंजेक्शन आठ आठवडे झाल्यावर, डी परत बघून.

सिस्टर काकू, एकच शंका आहे, आई विचारतेय. जी तारीख मिळतेय त्या दिवशी संकष्टी आहे, तिचा उपास असतो, पाणी पण ती कमी पिते त्या दिवशी. चालेल का?


निवृत्त_सिस्टर

नको गं. त्या दिवशी पोटभर खाऊन जायचं आणि आधी दोन ग्लास पाणी प्यायचं, किडनीसाठी पाणी हवंच. उपास मोडायचाच नसेल तर राजगिऱ्याचे लाडू, दूध, ताक घे म्हणावं, पण पाणी कमी नाही म्हणजे नाही. सलाइन पंधरा मिनिटांच्या आत संपवू देऊ नका, अर्धा तास लागला तरी लागू दे. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ताप, अंग मोडून येणं, फ्लूसारखं होईल, पहिल्या वेळी बऱ्याच जणींना होतं, दोन-तीन दिवसांत जातं, पॅरासिटामॉल घरात आणून ठेव. दुसऱ्या वर्षी एवढं होत नाही. तू त्या दोन दिवसांची सुट्टी टाक, ती एकटी राहायला नको, अंगात ताप असताना बाथरूमला उठली तर हात धर तिचा.